गोळ्या दारोदार वाटल्या, तरी पाळणा का लांबला नाही?

१९७५ च्या ऑक्टोबरात बांगलादेशातल्या मतलब भागात घरोघरी गर्भनिरोधक गोळ्यांची पाकिटं वाटायला सुरुवात झाली. मतलब म्हणजे ढाक्याच्या आग्नेयेला पन्नास-पंचावन्न किलोमीटरवरचा, मेघनेच्या खोऱ्यातला सखल मुलूख. पावसाळ्यात शेतं आणि पायवाटा पाण्याखाली, एका वस्तीवरून दुसरीकडे जायचं तर होडी. बायका पडद्यात, बाजारहाट पुरुषांचा. देश स्वतंत्र होऊन चार वर्षंही झाली नव्हती आणि १९७४ चा दुष्काळ नुकताच होऊन गेला होता. एकेका बाईला सरासरी सहाहून जास्त मुलं होत होती. योजना आखणाऱ्यांनी सरळ हिशेब केला: बाईला दवाखान्यात येता येत नाही ना, मग गोळीच तिच्या दारात नेऊ. पैसे नकोत, चिठ्ठी नको, डॉक्टरही नको.

पहिल्या तीन महिन्यांत आकडे असे वर गेले की बघणाऱ्याला वाटावं, प्रश्न सुटला. आधी शंभरातली जेमतेम एखाद-दुसरी बाई काही साधन वापरत होती, तो आकडा पंधराच्या पुढे गेला. मग तो थांबला आणि खाली येऊ लागला. पाकिटं घराघरात होती, पण बऱ्याच जणींनी ती अर्ध्यावर सोडली. जन्मदरावर म्हणावा तसा परिणाम झालाच नाही.

हे इतकं नेमकं कळलं, कारण मतलबमध्ये माणसं मोजली जात होती. कॉलऱ्यावर संशोधन करण्यासाठी १९६० च्या दशकात तिथं केंद्र उभं राहिलं होतं आणि १९६६ पासून गावोगावचा प्रत्येक जन्म, मृत्यू, लग्न आणि स्थलांतर नोंदवलं जात होतं. या संस्थेला पुढे आयसीडीडीआर-बी असं नाव मिळालं. गरीब देशातल्या खेड्यांची इतकी सलग नोंद जगात फार थोड्या ठिकाणी आहे. विकसनशील देशांत कुटुंब नियोजनाची आणि बाळंतपणाची सेवा लोकांपर्यंत कशी न्यायची, या प्रश्नावर जे काही ठामपणे म्हणता येतं, त्यातलं बरंचसं या नद्यांच्या काठावरून आलेलं आहे. म्हणून ही गोष्ट तिथूनच सांगतो.

पंधरा दिवसांनी पुन्हा येणारी बाई

गोळ्या वाटणाऱ्या पहिल्या फळीतल्या बायका बहुतेक वयस्कर, विधवा, अक्षरओळख नसलेल्या होत्या. गावात त्यांना मान होता, घरात शिरायला कुणाची आडकाठी नव्हती, म्हणून त्यांना निवडलं होतं. पण गोळी सुरू केल्यावर मळमळ झाली, डोकं दुखलं, मधेच अंगावरून जायला लागलं, तर त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. दुसरं साधनही नव्हतं. गोळी सोसत नाही म्हणणाऱ्या बाईला त्या फार तर निरोध देऊ शकत होत्या, आणि तो वापरायचा की नाही हे ठरवणारा वेगळाच होता.

१९७७ मध्ये योजना नव्यानं मांडली गेली. १४९ गावांचे दोन भाग केले. ७० गावांत नवी सेवा आणि ७९ गावांत सरकारची नेहमीची व्यवस्था, तुलनेसाठी. नव्या सेवेत ८० बायका नेमल्या. या वेळी तरुण, लग्न झालेल्या, शाळा शिकलेल्या आणि महत्त्वाचं म्हणजे स्वतः एखादं साधन वापरणाऱ्या. प्रत्येकीकडे साधारण हजारभर लोकसंख्या. दर पंधरा दिवसांनी त्याच घरी जायचं, वहीत नोंद करायची, काय त्रास होतोय ते विचारायचं. पिशवीत गोळ्या, निरोध आणि दर तीन महिन्यांनी घ्यायचं इंजेक्शन. तांबी बसवायची असेल किंवा ऑपरेशन करायचं असेल तर पुढच्या केंद्रात पाठवायची सोय. आणि काही अडलं तर वर डॉक्टर.

या वेळी वापर सात टक्क्यांवरून दीड वर्षात तीस टक्क्यांच्या पुढे गेला आणि तिथंच न थांबता वाढत राहिला. शेजारच्या ७९ गावांत तो रखडतच होता. लोक तेच, धर्म तोच, गरिबी तीच, नदीही तीच.

इंजेक्शनचा भाग जरा थांबून बघण्यासारखा आहे. मतलबमध्ये ते सगळ्यांत लोकप्रिय साधन ठरलं. साधन वापरणाऱ्या बायकांपैकी जवळपास निम्म्या इंजेक्शन घेत होत्या. कारणं अगदी व्यवहारी होती. उशीखाली पाकीट सापडत नाही, सासूच्या डोळ्यांवर येत नाही, रोज आठवण ठेवावी लागत नाही. पण त्यानं बऱ्याच जणींची पाळी अनियमित होते, काहींची थांबते. पाळी थांबली की बाई घाबरते: दिवस तर गेले नाहीत? आत रक्त साठतंय का? हा प्रश्न तिला पंधरा दिवसांनी दारात येणाऱ्या आपाला, म्हणजे ताईला, विचारता येत होता. ती सांगायची, असं होतं, यानं अपाय नाही, नकोच असेल तर दुसरं काही बघू. हे उत्तर वेळेवर मिळालं तर बाई टिकते. नाही मिळालं तर ती सोडते आणि चार शेजारणींना सांगते की ते घेऊ नका.

आरोग्याच्या योजनांवर बोलताना ‘उपलब्ध’ हा शब्द फार स्वस्तात वापरला जातो. उपकेंद्राच्या कपाटात गोळ्या आहेत, म्हणजे सेवा उपलब्ध. मतलबनं दाखवलं ते असं, की साधन हातात पडणं ही सुरुवात असते. त्यानंतर ते बदलून मिळतं का, सोडायचं ठरवलं तर कुणी रागावतं का, त्रास झाला तर कुणी ऐकतं का, यावर पुढचं सगळं ठरतं.

मतलबवर टीकाही झाली आणि ती पोकळ नव्हती. परदेशी पैसा, प्रशिक्षित माणसं, कडक देखरेख यांच्या जोरावर कुठलीही योजना चालते. सरकारी खात्यात हे चालवून दाखवा, असं अर्थशास्त्रज्ञ म्हणत होते. एका बाईमागचा खर्च त्या देशाला परवडणारा नव्हता हे खरंच होतं. दुसरा आक्षेप असा, की बायकांना मुलं कमी हवी असतात तेव्हाच त्या साधनं वापरतात. ती इच्छा शिक्षणातून आणि मिळकतीतून येते, गोळ्यांतून नाही. यातलं अर्धं उत्तर तुलनेच्या ७९ गावांनी दिलं. इच्छा दोन्हीकडे सारखीच होती, फरक फक्त सेवेत होता.

पहिल्या आक्षेपाचं उत्तर शोधायला १९८२ पासून सिराजगंज आणि अभयनगर या दोन भागांत सरकारी कर्मचाऱ्यांकडूनच तसं काम करून घेण्याचा प्रयोग झाला. मतलबइतकं नाही, पण जमलं. पुढे सरकारनं गावपातळीवर काम करणाऱ्या महिलांची भरती वाढवली आणि ती संख्या वीस हजारांच्या पुढे गेली. १९७५ साली दर बाईमागे ६.३ मुलं होती, १९९० च्या दशकाच्या मध्यावर ३.३. त्याच सुमारास, ज्या पाकिस्तानातून बांगलादेश वेगळा झाला तिथं हा आकडा पाचच्या वर होता. बांगलादेशात तेव्हा ना कारखाने फार होते, ना मुलींच्या शिक्षणानं म्हणावा तसा वेग घेतला होता. मुलं कमी व्हायला आधी देश श्रीमंत व्हावा लागतो, हा समज तिथं मोडला.

सगळं गोड नव्हतं. १९८० च्या दशकात ऑपरेशन करून घेणाऱ्याला पैसे आणि साडी-लुंगी देण्याची पद्धत होती. ज्याच्या घरात दोन वेळचं जेवण नाही, त्याला साडी आणि रोख रक्कम देऊन ‘तुमची मर्जी’ म्हणणं म्हणजे मर्जी नव्हे.

आपल्याकडचा रस्ता

हे वाचताना मराठी वाचकाला वाटेल की आपण तर यात आधीपासून पुढे. एका अर्थानं आहोतच. र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं ते १९२१ साली, आणि त्यापायी नोकरीपासून कोर्टकचेरीपर्यंत सगळं भोगलं. सरकारी पातळीवर कुटुंब नियोजनाचा कार्यक्रम हाती घेणारा भारत जगातला पहिला देश, १९५२ साली. पण पुढे आपण उद्दिष्टांच्या मागे लागलो. तालुक्याला इतक्या केसेस, शिक्षकाला इतक्या, तलाठ्याला इतक्या. आणीबाणीत, १९७६-७७ या एका वर्षात, ८० लाखांहून जास्त नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, त्यातल्या बहुतेक पुरुषांच्या. सक्तीच्या नसबंदीचं विधेयक विधिमंडळात मंजूर करणारं राज्य महाराष्ट्रच होतं. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्यानं तो कायदा झाला नाही.

लोकांनी मतपेटीतून उत्तर दिलं आणि त्यानंतर सरकारांना पुरुष नसबंदीवर जोर द्यायचं धाडस फारसं झालं नाही. ओझं सगळं बाईवर गेलं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या विवाहित महिलांपैकी ३७.९ टक्के जणींचं ऑपरेशन झालेलं होतं; पुरुष नसबंदीचा वाटा होता ०.३ टक्के. महाराष्ट्रात तर जवळपास निम्म्या जणींचं ऑपरेशन झालेलं आहे. पुरुषाची शस्त्रक्रिया सोपी, टाक्यांशिवाय होणारी, दुसऱ्या दिवशी हिंडता-फिरता येईल अशी. बाईच्या बाबतीत पोट उघडायचं किंवा दुर्बीण घालायची. तरीही हे असं.

घरोघरी दिसणारा क्रम ठरलेला: लवकर लग्न, लगेच पहिलं मूल, लगोलग दुसरं आणि पंचविशी-सव्विशीत ऑपरेशन. मधे अंतर ठेवण्यासाठी काहीच नाही. हे कुटुंब नियोजन आहे असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही, हे प्रजननाला लावलेलं कुलूप आहे. पहिल्या दोन बाळंतपणांत किमान दोन वर्षांचं अंतर राहिलं तर आई आणि बाळ दोघांचा धोका कमी होतो, आणि ते अंतर ऑपरेशननं राखता येत नाही. तीन महिन्यांचं इंजेक्शन, जे मतलबमधल्या बायका १९७७ पासून घरी घेत होत्या, ते आपल्या सरकारी दवाखान्यांत ‘अंतरा’ नावानं आलं २०१७ साली. मधली बरीच वर्षं महिला संघटनांनी त्याला विरोध केला होता. कारण सरळ होतं. आणीबाणी पाहिलेल्या देशात, पाठपुरावा करायला माणूस नसताना, बाईला नीट न सांगता इंजेक्शन टोचलं जाईल ही भीती. मतलबचं यश औषधात नव्हतं, पाठपुराव्यात होतं, हे लक्षात घेतलं तर ती भीती अनाठायी म्हणता येत नाही. लखनौच्या सरकारी संशोधन संस्थेत तयार झालेली, पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि नंतर एकदा घ्यायची बिगर-हार्मोनची गोळीही आता ‘छाया’ नावानं फुकट मिळते; ती अजून किती जणींना माहीत आहे कोण जाणे.

उद्दिष्टं कागदावरून १९९६ मध्ये गेली. मनातून गेली नाहीत. नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडच्या बिलासपूरजवळ एका शिबिरात एकाच सर्जननं काही तासांत ८३ बायकांची ऑपरेशनं केली. त्या आठवड्यात तिथल्या शिबिरांनंतर १३ जणी दगावल्या. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अशी शिबिरं तीन वर्षांत बंद करायला सांगितलं. ‘सेवेचा विस्तार’ म्हणजे आकड्यांचा विस्तार असं धरलं की शेवट कुठे होतो, ते इथं दिसतं.

बाळंतपणाचं गणित उलटं

आतापर्यंतची गोष्ट घरपोच सेवेची झाली. बाळंतपण मात्र त्या नियमानं चालत नाही. गोळी घरी नेता येते, इंजेक्शन घरी देता येतं. अडलेल्या बाईसाठी ऑपरेशन थिएटर, रक्ताची पिशवी आणि भूल देणारा डॉक्टर घरी नेता येत नाही. तिथं तिलाच न्यावं लागतं, आणि वेळेत.

मतलबमध्येही हेच लक्षात आलं. १९८७ मध्ये काही गावांत प्रशिक्षित परिचारिका-सुईणी ठेवल्या, अडचण आली तर न्यायला होडी आणि नावाडी ठेवला. सुरुवातीला मातामृत्यू झपाट्यानं खाली आले आणि श्रेय सुईणींना मिळालं. पुढे बारकाईनं पाहिलं तर ज्या शेजारच्या गावांत सुईणी नव्हत्या तिथंही मृत्यू कमी होत होते. १९७६ ते २००५ या तीस वर्षांच्या नोंदी एकत्र केल्यावर दिसलं की केंद्राची सेवा असलेल्या भागात मातामृत्यू ६८ टक्क्यांनी घटले, तर सरकारी व्यवस्थेच्या भागात ५४ टक्क्यांनी. घटीमागे मोठी कारणं होती ती शिकलेल्या आया, अडचणीच्या वेळी दवाखान्यात होणारी सिझेरियनसारखी उपचारांची सोय, आणि असुरक्षित गर्भपातानं होणारे मृत्यू कमी होणं. बांगलादेशानं १९७९ पासून ‘पाळी नियमित करण्याची’ प्रक्रिया सरकारी सेवेत आणली. गर्भपाताचा जुना कडक कायदा जागेवर ठेवून, पाळी चुकल्यावर सुरुवातीच्या आठवड्यांत प्रशिक्षित कर्मचारी गर्भपिशवी रिकामी करतात. कायद्याच्या भाषेतली ही पळवाट आहे, पण तिनं जीव वाचवले.

इथं एक मोजमाप समजून घ्यावं लागेल, नाहीतर बातम्यांतले आकडे फसवतात. मातामृत्यूचं प्रमाण म्हणजे दर एक लाख जिवंत जन्मांमागे किती आया दगावल्या. समजा एखाद्या घाटातून वर्षाला हजार एसटी जातात आणि तीन दरीत कोसळतात. फेऱ्या निम्म्या केल्या तर अपघातही साधारण निम्मे होतील. पण ‘दर हजार फेऱ्यांमागे अपघात’ तेवढेच राहतील, कारण रस्ता तोच आहे. कुटुंब नियोजन फेऱ्या कमी करतं. दवाखाना, रक्त आणि डॉक्टर रस्ता दुरुस्त करतात. कुटुंब नियोजनानं वाचलेले जीव त्यामुळे प्रमाणाच्या आकड्यात पुरते दिसतच नाहीत. नको असलेलं गरोदरपण टळलं की त्यातला धोका मुळातच टळतो, हे नोंदवायला त्या आकड्यात जागा नाही. एका अंदाजानुसार २००८ या एका वर्षात गर्भनिरोधकांच्या वापरामुळे जगात २ लाख ७० हजारांहून अधिक मातामृत्यू टळले.

बाई का दगावते, याचं उत्तर जगभर जवळपास सारखं आहे. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव, रक्तदाब वाढून येणारे झटके, जंतुसंसर्ग, असुरक्षित गर्भपात, अडलेलं बाळंतपण. यातलं जवळजवळ सगळं टाळता येण्यासारखं आहे. आरोग्यक्षेत्रातली मंडळी तीन उशिरांबद्दल बोलतात: घरात निर्णय व्हायला उशीर, वाटेत उशीर, आणि दवाखान्यात पोहोचल्यावर उपचार सुरू व्हायला उशीर. पहिल्या उशिराबद्दल आपण फार बोलतो, कारण त्यात अडाणी सासूला दोष देता येतो.

दुसऱ्या उशिरासाठी गडचिरोलीकडे बघावं. भामरागडला पर्लकोटेचं पाणी पुलावरून गेलं की तालुका तुटतो. आतल्या गावांतून दिवस भरलेल्या बाईला खाटेवर टाकून चिखलातून, नाल्यातून आणल्याच्या बातम्या दर पावसाळ्यात येतात. यावर निघालेला एक शहाणा उपाय म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्राच्या आवारातलं माहेरघर. तारीख जवळ आली की बाईनं आधीच तिथं येऊन राहायचं, सोबत घरचं माणूस, जेवणाची सोय. कळा सुरू झाल्यावर धावपळ करण्यापेक्षा आधीच चार दिवस मुक्काम. पण घरात लहान लेकरं आणि शेतात काम असताना चार दिवस बाहेर राहणं तिला जमतं का, याचा विचार न करता बांधलेली माहेरघरं रिकामी राहतात.

चादर, आणि मिलिलिटरच्या खुणा

तिसरा उशीर मला सगळ्यांत जास्त छळतो, कारण तिथं बाई दवाखान्यात पोहोचलेली असते.

दिवस भरलेल्या गर्भपिशवीतून मिनिटाला अर्धा लिटरहून जास्त रक्त वाहत असतं. बाळ बाहेर आलं, वार पडली की पिशवी घट्ट आवळली जाते आणि तोंडं उघडी पडलेल्या रक्तवाहिन्या मिटतात. पिशवी सैल राहिली तर रक्त थांबत नाही, आणि दोन तासांत खेळ संपू शकतो. आधीच रक्त कमी असलेल्या बाईला तेवढाही वेळ मिळत नाही; भारतात २०१९-२१ च्या पाहणीत निम्म्याहून जास्त गरोदर बायकांना रक्तक्षय होता.

अर्धा लिटर गेलं की धोका समजायचा, असा नियम. पण मोजायचं कसं? चादर, कापूस, फरशी, बादली यांत रक्त मुरतं आणि अंदाजानं सांगणारा माणूस जवळपास नेहमीच कमी सांगतो. यावर एक साधी वस्तू निघाली ती आपल्या शेजारीच, बेळगावात. तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयातले डॉक्टर परदेशी सहकाऱ्यांबरोबर बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत एक अभ्यास करत होते. त्यासाठी त्यांनी प्लॅस्टिकची एक चादर वापरली. बाळ झाल्यावर बाईच्या कमरेखाली सरकवायची, नाड्यांनी बांधायची. खालच्या टोकाला नरसाळ्यासारखी पिशवी आणि त्यावर मिलिलिटरच्या खुणा. रक्त पिशवीत उतरतं, नर्सबाई खूण वाचते. कुणाला विचारायला नको, अंदाज बांधायला नको.

त्या अभ्यासात १६२० बायका होत्या. घरी किंवा उपकेंद्रात बाळंतपण करणाऱ्या एएनएम नर्सबाईंनी निम्म्या बायकांना मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या दिल्या आणि निम्म्यांना दिसायला तशाच, औषध नसलेल्या गोळ्या. औषध न मिळालेल्यांत १२ टक्के जणींना जास्त रक्तस्राव झाला, औषध मिळालेल्यांत ६.४ टक्के. निकाल २००६ मध्ये छापून आला. या गोळीला महत्त्व अशासाठी की पिशवी आवळण्याचं नेहमीचं इंजेक्शन, ऑक्सिटोसिन, फ्रिजमध्ये ठेवावं लागतं. वीज गेली, फ्रिज बिघडला की ते हळूहळू निकामी होतं आणि बाटलीकडे बघून कुणाला काही कळत नाही. गोळीला फ्रिज लागत नाही.

तशाच खुणांच्या चादरीची कल्पना पुढे केनिया, नायजेरिया, टांझानिया आणि दक्षिण आफ्रिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात वापरली गेली, दोन लाखांहून जास्त बायकांवर. जास्त रक्त गेल्याचं चादरीवरून दिसलं की एकामागून एक वाट न बघता सगळे उपचार एकदमच सुरू करायचे: पिशवीला मालिश, औषध, रक्ताची गुठळी विरघळू न देणारं ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड, सलाईन, तपासणी. २०२३ मध्ये निकाल आले. गंभीर रक्तस्राव, त्यासाठी पोट उघडावं लागणं किंवा मृत्यू, हे सगळं मिळून ६० टक्क्यांनी कमी झालं. यात नवं औषध एकही नव्हतं.

आता परत बांगलादेशात. २०१० मध्ये तिथं दर लाख जन्मांमागे १९४ आया दगावत होत्या. त्यानंतरच्या सहा वर्षांत दवाखान्यात होणारी बाळंतपणं २३ टक्क्यांवरून ४७ टक्क्यांवर गेली, म्हणजे दुप्पट. मातामृत्यूचं प्रमाण २०१६ मध्ये होतं १९६. जागचं हललं नाही. मृत्यूंपैकी निम्म्याहून जास्त रक्तस्राव आणि झटके या दोनच कारणांनी होत होते, आणि दोन्हींची औषधं स्वस्त व जुनी आहेत. दवाखाने वाढले, पण त्यातले अनेक खासगी, आणि तिथं बाळंतपण म्हणजे सिझेरियन. २०२२ पर्यंत त्या देशातली ४५ टक्के बाळंतपणं सिझेरियननं होऊ लागली. एकीकडे गरज नसताना पोट कापलं जातंय, दुसरीकडे गरज असताना झटके थांबवणारं मॅग्नेशियम सल्फेटचं इंजेक्शन मिळत नाही.

भारतात २००५ मध्ये जननी सुरक्षा योजना आली, आशाताई आल्या. तेव्हा दवाखान्यातली बाळंतपणं ३९ टक्क्यांच्या आत होती, २०१९-२१ मध्ये ती ८९ टक्क्यांवर पोहोचली. मातामृत्यूचं प्रमाण २००४-०६ च्या २५४ वरून २०१८-२० मध्ये ९७ वर आलं. पण त्याच वेळी केरळात ते १९ होतं, महाराष्ट्रात ३३ आणि आसामात १९५. दवाखान्यात बाळंत होणं सगळीकडेच वाढलंय. दवाखान्यात काय होतं, यात फरक आहे. आणि आशाताईंचा मोबदला अजूनही बराचसा ‘कामागणिक’ आहे: इतकी बाळंतपणं आणली, इतके पैसे. मतलबमधल्या आपाला घरी जाऊन पंधरा मिनिटं नुसतं बोलण्याचाही पगार मिळत होता. आपल्याकडे ज्या गोष्टीवर सगळं टिकतं, त्या गोष्टीचे पैसे नाहीत.

कुणाच्या वहीत नाव नाही

बांगलादेशातल्या घरोघर फिरणाऱ्या व्यवस्थेत सुरुवातीपासून एक फट राहिली. नव्या सुनेकडे कुणी जात नव्हतं. पहिलं मूल होईपर्यंत साधनाचं नाव काढायचं नाही, असं घरातही ठरलेलं आणि काम करणाऱ्या बाईच्या मनातही. तिथं आजही २० ते २४ वयाच्या जवळपास निम्म्या मुलींचं लग्न अठराच्या आत झालेलं असतं. म्हणजे ज्या वयात बाळंतपणाचा धोका जास्त, त्याच वयातली मुलगी यादीबाहेर. लग्न न झालेल्यांचं तर विचारूच नका; तिथली मोठी आरोग्य पाहणीच फक्त विवाहित, विधवा आणि घटस्फोटित बायकांची होते, अविवाहित मुलीला प्रश्न विचारला जात नाही. आपल्या पाहणीत अविवाहित मुली येतात, पण गर्भनिरोधकांचा जो आकडा ठळकपणे छापला जातो तो विवाहितांचाच असतो.

उपाय माहीत नाहीत असं नाही. लग्न ठरल्यावर नव्हे तर त्याआधी शाळेतच शरीराची माहिती देणं, लग्नाच्या नोंदीवरून आशाताईनं पहिल्याच महिन्यात नव्या जोडप्याला भेटणं, नवऱ्यालाही त्या बोलण्यात बसवणं, औषधाच्या दुकानात मुलीला गोळी मागता येईल इतपत दुकानदाराची नजर सुधारणं. यातल्या काही गोष्टी राजस्थान-बिहारपासून बांगलादेशापर्यंत तुकड्या-तुकड्यांत चालू आहेत. त्यांना लागतो तो बराचसा पैसा आजवर परदेशातून येत होता. कुटुंब नियोजनासाठी सगळ्यांत जास्त मदत देणारी अमेरिका २०२५ च्या सुरुवातीला त्यातून बाहेर पडली आणि ज्या मोठ्या पाहण्यांवरून आपल्याला हे आकडे कळतात, त्यांचा निधीही तिनं थांबवला. पुढची काही वर्षं अनेक देशांना औषधं आणि मोजदाद, दोन्ही आपल्या पैशानं करावी लागणार आहेत. खर्च कमी करायचा झाला तर अर्थखातं आधी मोजदाद कापतं, कारण मोजायचं थांबवल्याची ओरड कुणी करत नाही.